सिग्नल, सांधे आणि केबिन : गाडीत बसणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

आपल्याला रेल्वेचं वेड आहे हे एकदा नातेवाइकांना कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा सुटका नसते. वाढपी मठ्ठा घेऊन येतो आणि शेजारचे काका विचारतात, ‘काय रे, कळव्याच्या पुढे आमची लोकल रोज मधेच का थांबते?’ खालचे प्रश्न असेच वर्षानुवर्षं जमत गेले. उत्तरं भारतीय रेल्वेपुरती आहेत आणि उदाहरणं शक्यतो मुंबई, घाट, कोकण या आपल्या बाजूची. जिथे विलायतेचा संबंध खरोखर आहे, तिथे तेवढ्यापुरतं तिकडे जाऊन येऊ.

केबिन म्हणजे नक्की काय? ती दोन मजली का असते?

जुन्या स्टेशनाच्या फलाटाचं टोक संपलं की थोड्या अंतरावर एक उभट इमारत दिसते. वरच्या मजल्याला तिन्ही बाजूंनी खिडक्या, भिंतीवर मोठ्या अक्षरांत नाव. तीच सिग्नल केबिन. वर सिग्नल आणि सांधे हलवणाऱ्या लोखंडी दांड्यांची, म्हणजे लिव्हरांची रांग असते. (सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जागा.) खालच्या मजल्यावर त्या लिव्हरांच्या शेपट्या, त्यांना एकमेकांत अडकवणाऱ्या लोखंडी पट्ट्या आणि तिथून बाहेर पडणाऱ्या तारा नि सळया. म्हणजे खालचा मजला यंत्राचा आणि वरचा माणसाचा.

वरच्या खिडक्यांचं कारण वेगळं आहे. केबिनवाल्याला यार्ड दिसायला हवंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक गाडीचा शेवटचा डबा दिसायला हवा. त्या डब्यावर मोठी फुली रंगवलेली असते, मागे ‘एल. व्ही.’ म्हणजे ‘लास्ट व्हेइकल’ची पाटी असते आणि रात्री लाल दिवा. ती खूण दिसली, तर गाडी अख्खी आली. नाही दिसली, तर दोन-चार डबे तुटून मागेच राहिले असू शकतात, आणि मागच्या गाडीला त्या रस्त्यावर सोडणं म्हणजे घातच. जिथे हे काम यंत्राकडे गेलेलं नाही, तिथे ती फुली बघणं हा केबिनवाल्याच्या कामाचा गाभा होता आणि आहे.

स्टेशनाला दोन टोकं, म्हणून केबिनीही बहुधा दोन. सांधा फिरवणारी सळई फार लांबून ढकलता येत नाही, म्हणून प्रत्येक टोकाच्या सांध्यांजवळ एक केबिन. स्टेशन मास्तर मधे, आपल्या खोलीत. गाडी कुठल्या लाइनीवर घ्यायची हे तो ठरवतो आणि त्याने आपल्या बाजूने कळ सोडल्याशिवाय केबिनवाल्याचा लिव्हर हलतच नाही.

लिव्हरांना वेगवेगळे रंग का?

थांबायचा सिग्नल लाल लिव्हरवर, सांधा काळ्यावर, सांध्याचं कुलूप निळ्यावर. पांढरा लिव्हर म्हणजे सध्या कशालाच न जोडलेला. चाळीस लिव्हरांच्या रांगेत रात्री तीन वाजता हात चुकू नये म्हणून ही सोय. त्याच कारणासाठी लिव्हरच्या मुठीवर अडकवायचं एक कडं असतं. लाइनीवर गाडी उभी असेल, तर ते कडं लिव्हरवर चढवून ठेवायचं, म्हणजे सवयीने हात गेला तरी अडेल. इंग्लंडात श्रूजबरीला अजून १८० लिव्हरांची केबिन चालू आहे. यांत्रिक केबिनींत जगातली सर्वांत मोठी म्हणून लोक ती बघायला जातात.

जुनी माणसं ‘सिग्नल पडला’ म्हणतात. पडला म्हणजे बिघडला ना?

नाही, उलट. ‘पडला’ म्हणजे गाडीला वाट मिळाली.

जुन्या सिग्नलच्या खांबावर एक लांब लाल हात असायचा. हात आडवा असेल तर थांबा. केबिनमधून तार ओढली की हात तिरपा खाली झुकायचा, की गाडी निघाली. फलाटावरच्या बायका डोक्यावरची पाटी सावरत ‘पडला, पडला’ म्हणायला लागायच्या, गाडी येण्याआधी पाच मिनिटं. लहानपणी मामाच्या गावाला जाताना घड्याळाऐवजी आम्ही हाच हात बघायचो.

नंतर वर जाणारा हात आला. आडवा म्हणजे थांबा, अर्धा वर म्हणजे सावध, सरळ उभा म्हणजे जा. हा बदल दिसायला किरकोळ, पण त्यामागचा विचार फार मोलाचा आहे. वर उचललेल्या हाताची तार तुटली तर तो स्वतःच्या वजनानेच आडवा होतो, म्हणजे लाल. खाली पडणाऱ्या हातात तसं व्हावं म्हणून मुद्दाम उलट वजन लावावं लागायचं. काहीही मोडलं, तुटलं, बंद पडलं तरी सिग्नल लालच व्हायला हवा, ही सगळ्या सिग्नल यंत्रणेची पहिली अट. पुढच्या बहुतेक उत्तरांत ती पुन्हा भेटेल.

इंटरलॉकिंग म्हणजे काय? बातम्यांत शब्द येतो, पण कुणी सांगत नाही.

मला विचाराल तर रेल्वेतली सर्वांत हुशार गोष्ट हीच. जरा निवांत सांगतो.

कोकण रेल्वेवरचं एखादं लहान स्टेशन डोळ्यांपुढे आणा. मधून मेन लाइन, बाजूला गाडी थांबवून ठेवायची लूप लाइन. लूपवर एक मालगाडी उभी आहे आणि मेनवरून एक्स्प्रेस सरळ जायची आहे. स्टेशनात शिरण्यापूर्वी एक सांधा लागतो, त्याच्या जिभा इकडे सरकल्या तर गाडी मेनला, तिकडे सरकल्या तर लूपला. आता माणसाच्या हातून काय काय चुकू शकतं ते मोजा. सांधा लूपकडे असताना एक्स्प्रेसला हिरवा दिला. सांधा मेनकडे होता, पण जीभ आणि रूळ यांच्यात खडा अडकून फट राहिली. सिग्नल दिल्यावर गाडी अर्धी सांध्यावर असताना सांधा फिरवला. किंवा दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्यांना एकाच लाइनीचा सिग्नल दिला.

सुरुवातीच्या काळात यातलं सगळं चुकत असे आणि माणसं मरत. १८५६ साली जॉन सॅक्सबी या इंग्रज माणसाने लिव्हरांनाच एकमेकांत अडकवून टाकण्याचं पेटंट घेतलं. कल्पना साधी. खालच्या मजल्यावर प्रत्येक लिव्हरला खाचा असलेली पट्टी जोडायची आणि त्या पट्ट्या एकमेकींना अशा अडवतील अशी रचना करायची की चुकीची जोडी जमूच नये. सांध्याचा लिव्हर योग्य बाजूला नसेल, त्याचं कुलूप बसलेलं नसेल, तर सिग्नलचा लिव्हर जागचा हलणार नाही. सिग्नलचा लिव्हर एकदा ओढला की सांध्याचा अडकला, तो आता सुटणार नाही. एका दिशेचा सिग्नल दिला की समोरच्या दिशेचा बंद.

म्हणजे केबिनवाल्याने ताकदीने, घाईने किंवा झोपेत काहीही केलं तरी तो गाडी थांबवू शकेल, पण भलत्या वाटेला पाठवू शकणार नाही. यंत्राने त्याच्यावर अविश्वास दाखवला म्हणून कुणी केबिनवाला रागावल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट ‘आमचं इंटरलॉकिंग आहे’ असं ते कौतुकाने सांगतात.

पुढे लोखंडी पट्ट्यांची जागा रिलेंनी, म्हणजे विजेवर उघडमीट होणाऱ्या कळांनी घेतली. १९५०च्या दशकाच्या अखेरीला चर्चगेट आणि कुर्ल्याला रिलेवर चालणाऱ्या केबिनी आल्या. टेबलावर यार्डाचा नकाशा, गाडी कुठून कुठे जायची त्या दोन जागांची बटणं दाबायची, मधले सगळे सांधे आपोआप फिरतात. आता रिलेंच्या जागी संगणक येतोय. पण पट्टी, रिले की संगणक, नियम सॅक्सबीचेच आहेत.

कोकणात गाडी क्रॉसिंगला अर्धा अर्धा तास का उभी राहते? समोरची गाडी तर दिसतही नाही.

दिसत नाही म्हणूनच उभी राहते!

रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ला पूर्ण चालू झाला आणि तो बहुतांशी एकेरी आहे. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम. समोरची गाडी तो तुकडा सोडून तुमच्या स्टेशनात अख्खी शिरेपर्यंत तुमची गाडी हलणार नाही. पुढचं स्टेशन दहा-बारा किलोमीटरवर असेल, समोरची मालगाडी चढावर रखडत असेल, तर तेवढा वेळ तुम्ही शेंगदाणे खात बसायचं.

गाडी सोडण्यापूर्वी स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनाकडे ‘लाइन क्लिअर’ मागतो. पुढच्याने दिली तरच शेवटचा सिग्नल हिरवा होऊ शकतो. त्या सिग्नलला ॲडव्हान्स्ड स्टार्टर म्हणतात आणि तो थेट या लाइन क्लिअरच्या यंत्राला जोडलेला असतो. मास्तरचा शब्द आणि यंत्राची कळ, दोन्ही लागतात.

ते कडं आणि गोळ्याचं काय प्रकरण होतं? धावत्या इंजिनातून ड्रायव्हर काहीतरी झेलायचा.

तो टोकन. लाइन क्लिअरचाच, पण हातात धरता येणारा पुरावा.

दोन शेजारच्या स्टेशनांत एकेक यंत्र असायचं, विजेच्या तारेने जोडलेलं. दोन्हीकडच्या मास्तरांनी एकाच वेळी कळा दाबल्या तरच एका यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर यायचा. तो बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रं बंद, दुसरा गोळा निघणं अशक्य. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. गाडी न थांबता जात असेल तर सांधेवाला कडं उंच धरून उभा राहायचा आणि ड्रायव्हर किंवा फायरमन हात घालून ते कोपरात अडकवून घ्यायचा. गोळा हातात नाही, तर पुढे जायचं नाही, मग सिग्नल काहीही सांगो. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांचे गोळे वेगळ्या घडणीचे असत, म्हणजे चुकून दुसऱ्याच यंत्रात बसू नयेत.

रात्री पावसात, एका हातात मशाल नि दुसऱ्यात कडं घेऊन धडधडत्या इंजिनासमोर उभं राहायचं काम होतं ते. सिग्नलचा इतिहास सांगताना सांधेवाल्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही.

लाल, हिरवा समजला. पिवळा एक आणि पिवळे दोन, यात फरक काय?

गाडी ही बसगाडी नव्हे. पूर्ण वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर रस्ता लागतो. लाल दिवा दिसल्यावर ब्रेक मारला तर उशीर झालेला असतो. म्हणून लालची वर्दी आधीच द्यावी लागते.

एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या कमी वेगाने ओलांडायच्या तयारीत राहा. तिथे एक पिवळा असेल किंवा गाडी सांध्यावरून बाजूच्या लाइनीला वळणार असेल. हिरवा म्हणजे पुढेही मोकळं. स्टेशनात शिरू देणाऱ्या होम सिग्नलच्या किमान किलोमीटरभर आधी डिस्टंट सिग्नल असतो, तो हीच वर्दी देतो. वेगवान मार्गांवर असे दोन डिस्टंट असतात.

सिग्नलच्या डोक्यावर तिरपी पांढऱ्या दिव्यांची रांग पेटलेली दिसली तर ती वळणाची खूण, गाडी मेन सोडून त्या बाजूच्या लाइनीला जाणार. खालच्या पाटीवर ‘जी’ असेल तर तो फाटकाचा सिग्नल, ‘पी’ असेल तर डिस्टंट. ‘ए’ची पाटी मुंबईकरांच्या फार कामाची, ती पुढच्या प्रश्नात.

मोठ्या गाडीत लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात, हाताने दाखवतातही. दोघांनी पाहिलं, दोघांनी बोललं, तरच तो पाहिला. लोकलचा मोटरमन मात्र पुढे एकटा, आणि त्याच्या समोर मिनिटा-दीड मिनिटाला नवा सिग्नल.

लाल सिग्नलला थांबलेली लोकल थोड्या वेळाने तशीच पुढे सरकते. हा नियमभंग नाही का?

नाही. नियमच तसा आहे, पण फक्त ‘ए’ पाटीच्या सिग्नलपुरता.

मुंबईत दोन गाड्यांमधलं अंतर इतकं कमी की एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंत एकच गाडी ठेवून भागत नाही. म्हणून मधेमधे आपोआप चालणारे सिग्नल आहेत. गाडी पुढे गेली की तिच्यामागचा सिग्नल लाल, मग पिवळा, दोन पिवळे, हिरवा. कुणी माणूस बटण दाबत नाही. भारतात हे पहिल्यांदा आलं १९२८ साली, व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा, जी. आय. पी. रेल्वेवर, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीच्या मार्गावर.

असा सिग्नल लाल असेल तर मोटरमनने थांबायचं. दिवसा एक मिनिट, रात्री दोन. मग अतिशय सावकाश, समोर अडथळा दिसला तर थांबता येईल अशा बेताने पुढच्या सिग्नलपर्यंत जायचं. डब्यात तुम्हाला जाणवतो तो हाच रांगता वेग. होम, स्टार्टर (स्टेशनातून निघू देणारा) यांसारखे सिग्नल, ज्यांच्यावर ‘ए’ नाही, त्यांना ही सवलत नाही. तिथे लाल म्हणजे लाल.

सिग्नलला कळतं कसं की गाडी पुढे गेली?

रुळांतूनच. दोन्ही रुळांतून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडलेला असतो आणि तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक रिले त्या प्रवाहावर उचललेला राहतो. गाडीचं पहिलं चाक त्या तुकड्यात शिरलं की तिची लोखंडी आस दोन्ही रूळ जोडते, वीज तिथूनच परत फिरते, रिले उपाशी पडून खाली येतो आणि सिग्नल लाल होतो. १८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने ही युक्ती काढली.

आता पाहा, तार तुटली, वीज गेली, रूळ तुटला, तरी रिले पडणारच आणि सिग्नल लालच होणार. तीच पहिली अट.

दुसरी रीत चाकं मोजण्याची. तुकड्याच्या दोन्ही टोकांना रुळाशी लावलेली यंत्रं आस मोजतात. आत गेल्या तितक्या बाहेर आल्या तर रस्ता मोकळा. केबिनवाला फुली बघायचा, ते काम आता हे यंत्र करतं.

मग पावसात दर वर्षी सिग्नलचा बिघाड का?

वरचं उत्तर वाचलंत तर अर्धं कारण तिथेच आहे. रुळांवर पाणी चढलं की ते पाणीच दोन रूळ जोडतं. यंत्रणेला वाटतं, गाडी उभी आहे, आणि ती लाल दाखवते. चाकं मोजणाऱ्या यंत्रांना याचा त्रास कमी, पण सांधे फिरवणाऱ्या मोटारी रुळाशेजारीच जमिनीवर असतात, त्या बुडाल्या की सांधा अडतो. सांध्याच्या जिभेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली तरी सांधा बसला अशी खात्री मिळत नाही, आणि खात्री नाही तर सिग्नल नाही. गाळ, चिंध्या, नारळाच्या करवंट्या, रुळांवर काय सापडत नाही!

ऑफिसला उशीर झालेल्या माणसाला हे ऐकवू नये, पण यातल्या बहुतेक प्रसंगी यंत्रणा बिघडलेली नसते, ती नेमून दिलेलं काम करत असते. शंका आली, थांबवलं.

फाटक इतका वेळ का बंद? गाडीचा पत्ताही नसतो.

कारण फाटक बंद होऊन त्याला कुलूप लागल्याशिवाय सिग्नल मिळत नाही, आणि सिग्नल गाडीला किलोमीटरभर आधी मिळायला हवा, नाहीतर ती थांबायला लागते. म्हणजे गाडी डोळ्यांना दिसण्याच्या बरंच आधी फाटक पडलेलं असणारच. शिवाय गाडी गेल्याशिवाय फाटक उघडता येत नाही, कारण तेही इंटरलॉकिंगमध्येच आहे. फाटकवाल्याशी हुज्जत घालणाऱ्यांना वाटतं की चावी त्याच्या मर्जीत आहे. ती नसते.

घाटात ठाकूरवाडी केबिन, मंकी हिल केबिन अशा पाट्या दिसतात. तिथे स्टेशन तर नाही.

भोर घाटातल्या या थांब्यांना नावाशी ‘केबिन’ चिकटून राहिलं आहे. ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल, जामब्रुंग. ट्रेकवाल्यांना ही नावं पाठ असतात, पण ती खरी घाटाच्या चालीशी जोडलेली आहेत.

१८६३ साली सुरू झालेल्या या घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. उतरताना ब्रेकनी दगा दिला तर गाडी थेट कर्जतपर्यंत सुसाट. म्हणून घाटात ठिकठिकाणी मुख्य मार्गाला एक फाटा आहे, डोंगराकडे वर चढत जाणारा. तिथला सांधा नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी ताब्यात आहे याची खात्री पटली तरच सांधा मुख्य मार्गाकडे फिरतो आणि सिग्नल मिळतो. सुटलेली गाडी थांबणार नाही, सांधा फिरणार नाही, आणि ती फाट्यावर चढून चढावाने थांबेल. याला कॅच सायडिंग म्हणतात. इथे साध्या स्थितीत सांधा मुद्दाम ‘चुकीच्या’ वाटेला लावून ठेवलाय, आणि तीच सुरक्षित वाट आहे.

आणखी एक गंमत. मुंबईपासून दूर जाणारी गाडी डाऊन आणि मुंबईकडे येणारी अप. त्यामुळे घाट चढणारी गाडी डाऊन आणि उतरणारी अप. नवख्या माणसाचं डोकं इथे हमखास फिरतं.

एवढं सगळं असताना अपघात होतातच कसे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आवाजात राग असतो, आणि तो रास्त आहे.

यंत्रणेची सगळी ताकद ती कुणी बाजूला सारत नाही तोवरच. आणि ती बाजूला सारली जाते दोन प्रसंगी : दुरुस्ती चालू असताना आणि बिघाडात कागदावर गाडी चालवताना.

२ जून २०२३, ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार. कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनीचा हिरवा होता, पण सांधा लूपकडे होता. वरच्या कोकणातल्या उदाहरणात जे होऊच शकत नाही म्हटलं, नेमकं तेच झालं. भरवेगातली गाडी लूपवर उभ्या मालगाडीवर आदळली, डबे शेजारच्या लाइनीवर पडले आणि तिथून जाणारी दुसरी गाडी त्यात सापडली. २९० हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत कारण निघालं ते सिग्नलच्या वायरिंगमध्ये आधी केलेल्या बदलातल्या चुकांचं आणि त्या दिवशी ९४ नंबरच्या फाटकाचा विजेवरचा अडसर बदलताना झालेल्या जोडणीचं. इंटरलॉकिंगला सांधा मेनकडे असल्याची खबर खोट्या वाटेने मिळत होती.

लंडनमध्ये क्लॅपहॅमला १२ डिसेंबर १९८८ रोजी असंच झालं होतं. नव्या सिग्नलचं काम करताना एक जुनी तार कापून बाजूला न काढता तशीच ठेवली, ती हलून पुन्हा टेकली आणि लाल व्हायला हवा तो सिग्नल झाला नाही. ३५ मृत्यू. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला आधीच्या १३ आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, हे चौकशीत नोंदलेलं आहे. तारेइतकंच ते वाक्यही मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

आणि कागद. सिग्नल बंद पडला की गाड्या कायमच्या थांबवत नाहीत. ठरलेल्या नमुन्यावर लेखी परवाना देऊन लाल सिग्नल ओलांडायला सांगतात. १७ जून २०२४ला पश्चिम बंगालमध्ये रंगापाणीजवळ आपोआप चालणारे सिग्नल बंद होते, परवाने देऊन गाड्या सोडत होते, आणि मागून आलेली मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर आदळली. कागदात अडवण्याची ताकद नसते. केबिनच्या खालच्या मजल्यावरची लोखंडी पट्टी हात धरते, कागद नाही धरत.

नियम बहुधा अपघातानंतरच येतात, हेही खरं. आयर्लंडात आर्मा इथे १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या गाडीचे डबे उतारावरून मागे सुटले, ८० जण गेले, त्यांत मुलं पुष्कळ. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने दोन गाड्यांत तुकड्याचं अंतर, इंटरलॉकिंग आणि आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले. या तिन्ही गोष्टी त्याआधीही उपलब्ध होत्या, कंपन्यांना त्यांचा खर्च नको होता.

‘कवच’ आलं की हे सगळं संपेल?

थोडंफार संपेल. जुलै २०२०मध्ये कवच ही देशाची स्वयंचलित गाडी-संरक्षण यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. स्लीपरांवरच्या खुणेच्या चकत्या, रुळांकडेचे रेडिओ मनोरे आणि इंजिनातलं यंत्र मिळून गाडी कुठे आहे आणि पुढचा सिग्नल काय आहे हे जाणतात. चालकाने लालला ब्रेक लावला नाही तर यंत्र लावतं. मुंबई उपनगरी मार्गावर लाल ओलांडणाऱ्या लोकलला ब्रेक लावणारी वेगळी यंत्रणा कितीतरी आधीपासून आहे.

पण कवचला सिग्नलची माहिती शेवटी इंटरलॉकिंगकडूनच मिळते. इंटरलॉकिंगच फसलं असेल तर कवचही तेच खरं धरणार. चालकाच्या चुकीवर ते औषध आहे, वायरिंगच्या चुकीवर नाही.

दाट धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा?

फटाके. दिवाळीचे नव्हेत, रुळावर बसवायचे चपटे. सिग्नलच्या २७० मीटर आधी, दहा मीटरच्या अंतराने दोन. चाकाखाली फुटले की चालकाला कळतं, सिग्नल आला. आता इंजिनात जीपीएसचं लहान यंत्रही देतात, तरी फटाके गेलेले नाहीत. उत्तरेतल्या हिवाळ्याची ही गोष्ट, आपल्याकडे क्वचित.

मेट्रोला सिग्नलचे खांब का दिसत नाहीत?

मुंबई-पुण्याच्या बहुतेक मेट्रो मार्गांवर गाडी आणि नियंत्रण कक्ष रेडिओवर सतत बोलत असतात. किती वेगाने जायचं ते चालकाच्या समोरच्या पडद्यावरच येतं. मुंबई लोकललाही ही पद्धत आणायची योजना होती.

केबिन आतून बघता येईल का?

परवानगीशिवाय नाही. रेल्वेच्या हद्दीत घुसणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली गुन्हा आहे. आणि खरं सांगायचं तर लिव्हरांच्या केबिनी भराभर जात आहेत. काही पाडल्या, काही कुलपात, काहींच्या खिडक्यांतून पिंपळ आलेला.

पण फलाटावरूनही पुष्कळ दिसतं. एखाद्या जंक्शनला, गर्दी नसलेल्या वेळी, फलाटाच्या टोकाकडे पण पिवळ्या रेषेच्या आत उभे राहा. गाडी सुटायच्या थोडं आधी रुळांकडून ‘घर्र’ असा आवाज येईल, ती सांध्याची मोटार. सांधा फिरून घट्ट बसेपर्यंत काही सेकंद जातील. मगच स्टार्टर लालचा पिवळा किंवा हिरवा होईल, त्याच्या आधी कधीच नाही. गार्ड हिरवा झेंडा दाखवेल, इंजिन हलेल. आता डब्यांकडे बघू नका, सिग्नलकडे बघा. इंजिन त्याच्या पुढे गेलं न गेलं तोच, मागचे वीस डबे अजून फलाटावर असताना, तो पुन्हा लाल झालेला असेल.